संत्र्याच्या तेलाची तपकिरी बाटली

ताईंच्या हाताला यश आहे, असं प्रयोगशाळेत सगळेच म्हणत. विभागप्रमुख सर म्हणत, फरशी पुसणारी बाई म्हणे, आणि आधी ‘कसलं काय’ म्हणून हात झटकणाऱ्या ताईसुद्धा अलीकडे मनातल्या मनात तेच म्हणू लागल्या होत्या.

ताईंचं वय बावन्न. एकोणीस वर्षं त्या कॉलेजच्या या प्रयोगशाळेत सहायक होत्या. झाडांची पानं, साली, फुलं वाफेवर उकळून त्यांतलं वासाचं तेल काढायचं, त्या तेलात काय काय आहे ते यंत्रावर बघायचं आणि ते जंतूंना मारतं का हे तपासायचं, हा त्यांचा दिवस. सकाळी आल्या आल्या चंबू लावायचा. दुपारपर्यंत काचेच्या नळीत पाण्यावर नखाएवढा तेलाचा थर जमायचा. परडीभर पाल्यातून चमचाभर तेल निघालं तर त्या दिवशी ताई खूश.

जंतूंची परीक्षा तशी साधी. काचेच्या बशीत जंतूंच्या खाण्याचा थर गोठवायचा, त्यावर जंतू सारवायचे, मधोमध तेलात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची आणि बशी उबेच्या कपाटात सरकवायची. दुसऱ्या दिवशी सगळी बशी दुधाळ झालेली असते. तेलात दम असेल तर मात्र चकतीभोवती एक स्वच्छ वर्तुळ राहतं, तिथे जंतूंची वाढ नाही. ते वर्तुळ मोजायचं.

संत्र्याच्या सालीच्या तेलाचं वर्तुळ इतर कुणी केलं तर नऊ मिलिमीटर भरे. त्यात चकतीच सहाची, म्हणजे तेलाची करामत नावापुरती. ताईंनी केलं की एकवीस! एकदा नाही, दरवेळी. सर म्हणायचे, “थर ओतण्यात कसब असतं. बाकीचे पिठलं ओतल्यासारखं ओततात.” आणि मग सगळ्या बशा ताईंकडेच येऊ लागल्या.

त्या एकवीसच्या जोरावर सरांचा लेख छापून आला. त्यांच्या हाताखाली पीएचडी करणारीचा प्रबंधही त्याच आकड्यावर उभा होता. ती पस्तिशीची, दोन मुलांची आई. सहावं वर्ष चालू होतं. तिचा धाकटा तिला विचारायचा, “आई, तू अजून त्याच वर्गात?” हे ती हसत सांगायची, पण सांगून झाल्यावर लगेच बशा आवरायला लागायची. आणि आता तर शहरातल्या एका मोठ्या इस्पितळानं सरांशी बोलणं केलं होतं. संत्र्याच्या तेलाचा हात धुण्याचा द्राव करायचा आणि चाळीस परिचारिकांनी तो दोन महिने वापरून बघायचा.

ताईंची बोटं उलायला लागली ती त्याच सुमारास.

आधी अंगठ्याजवळ खाज सुटली. मग बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड आले, ते फुटले आणि कातडी वाळल्या चिखलासारखी तडकली. मीठ लागलं तर डोळ्यांत पाणी यायचं. ताईंनी हातमोजे चढवले, घरी भांडी घासायचा साबण बदलला, मलम चोळलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

घरी लपवणं सोपं असायला हवं होतं, कारण त्यांच्या नवऱ्याला दिसत नव्हतं. तो घड्याळजी. तीस वर्षं भिंग डोळ्याला लावून मोहरीएवढ्या चाकांशी खेळला आणि पुढे दोन वर्षांत दोन्ही डोळे हळूहळू विझले. पण माणूस खचला नाही. कॉलेजच्या आवारात, प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला, सहायकाला म्हणून दोन खोल्या मिळाल्या होत्या. सुट्टीच्या दिवशीही उबेच्या कपाटाकडे कुणीतरी बघायला हवं, म्हणून ती सोय. त्या दोन खोल्या त्यानं पावलांनी पाठ केल्या होत्या. पलंगापासून मोरी सात पावलं, मोरीपासून ओटा चार, दारापासून बाहेरचं बाकडं अकरा. चहा तो स्वतः करायचा, आणि ताईंपेक्षा बरा करायचा.

एका संध्याकाळी ताईंनी त्याच्या हातात कप दिला. कप घेता घेता त्यानं त्यांची बोटं धरली आणि सोडलीच नाहीत.

“हे काय आहे?”

“कुठे काय?”

“अगं, केसाएवढी स्प्रिंग बोटानं ओळखणारा माणूस मी. मला काय येडं समजतेस? चार बोटांना चिरा आहेत. अंगठा सुजलाय. किती दिवस?”

“तीन महिने.”

“तीन महिने! आणि मी इथे तुला लोणी लावून ब्रेडचे तुकडे करायला सांगतोय.” त्यानं कप बाजूला ठेवला. “उद्या डॉक्टरकडे जा. नाही गेलीस तर मी जाईन. रस्ता ओलांडताना काय होईल ते होईल.”

ही धमकी त्याची नेहमीची होती आणि नेहमीच लागू पडायची.

कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे करून बघितले, काम काय करता ते विचारलं आणि ताईंच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. प्रत्येक पट्टीत दहा चौकोन, प्रत्येक चौकोनात एकेका पदार्थाचा थेंब. दोन दिवस आंघोळ नाही, पाठ टेकायची नाही. तिसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या तेव्हा एक चौकोन लालबुंद होऊन फुगला होता.

“लिमोनीन,” बाई म्हणाल्या. “संत्र्याच्या, लिंबाच्या सालीत असतं ते.”

“मला माहीत आहे,” ताई म्हणाल्या. “आमच्या संत्र्याच्या तेलात शंभरात चौऱ्याण्णव भाग तेच असतं.”

“मग तुम्हालाच मी काय सांगू! हात लावायचा नाही. मोजे घातले तरी पातळ मोज्यांतून ते आत जातं. आणि फक्त तेलच नाही हं. अंगाचा साबण, केसांचा साबण, भांड्यांचा साबण, फरशीचं औषध, खोलीत फवारायचं अत्तर. डबा उलटा करून वाचत चला.”

“आणि हे किती दिवस सांभाळायचं?”

“एकदा जडलं की आयुष्यभर. त्याला हात लावाल तेव्हा तेव्हा येणार.”

ताईंना हसूच आलं. म्हणजे प्रयोगशाळेतून पळून जायचं म्हटलं तरी ते घरात मोरीवर वाट बघत बसलेलं. सगळ्या जगाला एकाच वासाचं वेड लागावं आणि तो वास आपल्याच वैरावर उठावा, याला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सरांकडे गेल्या. “सर, मला कचेरीत बदली द्या. कारकुनी काम, ग्रंथालय, कुठेही.”

सरांनी चिठ्ठी वाचली. त्यांना खरंच वाईट वाटलं, तसं ते वाईट गृहस्थ नव्हते. “ताई, देतो. नक्की देतो. पण आता इस्पितळाचं काम तोंडावर आलंय. तुमच्याशिवाय ते वर्तुळ येतं कुणाला? एवढं होऊ द्या.” त्यांनी चिठ्ठी घडी करून टेबलाच्या खणात ठेवली. खणात ताईंचे याआधीचे दोन अर्ज होते, एक गुडघ्यांचा, एक नवऱ्याच्या डोळ्यांचा. तेही तिथेच विसावले होते. कौतुकाचा फास असा असतो की तो सोडवायला गेलं तर आपणच कृतघ्न ठरतो.

“आणि खोल्यांचं,” सर जरा थांबून म्हणाले, “ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्या प्रयोगशाळेच्या सहायकाला असतात. कचेरीत गेलात तर त्या नव्या माणसाला जातील. त्याचाही विचार करा.”

ताईंनी तो विचार तीन महिने केलाच होता. म्हणून तर त्या गप्प होत्या. नवीन घर म्हणजे नवऱ्याची पुन्हा पहिल्या पावलापासून मोजणी. साठी ओलांडलेल्या माणसाला एक आंधळेपण पुरे होतं. दुसऱ्यांदा कुणी त्याच्या हातून घर काढून घ्यावं, हे त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या टेबलाशी परत आल्या. डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या चौकोनांचा तक्ता दिला होता, तो त्यांनी आता नीट वाचला. यादीत लिमोनीन दोनदा होतं. एक नुसतं लिमोनीन, त्याच्यापुढे ‘काही नाही’. दुसरं ‘हवेत ठेवून जुनं केलेलं लिमोनीन’, त्याच्यापुढे तीन फुल्या.

ताई तो कागद धरून कितीतरी वेळ बसल्या. मग त्यांची नजर समोर गेली.

टेबलाच्या कडेला, उबेच्या कपाटाला लागून, त्यांची तपकिरी बाटली होती. बाकीचे सगळे फ्रिजमधलं तेल घेत. फ्रिजचा तो कप्पा अगदी तळाशी. ताईंच्या गुडघ्यांना वाकणं जमेना तेव्हा त्यांनी संत्र्याचं थोडं तेल या बाटलीत काढून हाताशी ठेवलं होतं. याला झाली चार वर्षं. तेल कमी झालं की त्या वरून नवं ओतायच्या. बाटली कधी रिकामी झाली नव्हती, धुतली गेली नव्हती. बूच एका बाजूनं फुटकं होतं, त्यातून हवा येत-जात होती आणि शेजारी कपाटाची ऊब.

त्यांनी बूच काढून वास घेतला. एकोणीस वर्षांचं तयार नाक होतं ते. संत्र्याच्या गोडव्याखाली पुदिन्यासारखा एक हिरवट वास होता. तो त्यांना रोज येत होता. हा आपल्या तेलाचा खास वास, असं त्या समजत होत्या.

पुढचं काम त्यांनी जाड मोज्यांवर मोजे चढवून केलं. दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत फ्रिजमधलं तेल, दुसरीत तपकिरी बाटलीतलं. हवा खाऊन तेल बदललं असेल तर पोटॅशियम आयोडाइड ते सांगतं, हे त्यांना ठाऊक होतं. दोन्हीत तेवढंच टाकलं, हलवलं, थांबल्या. पहिली नळी होती तशीच राहिली. दुसरी पिवळी झाली, मग काळ्या चहासारखी तपकिरी. मग त्यांनी एकाच दिवशी, एकाच हातानं, एकाच भांड्यातून बारा बशा ओतल्या. सहा बशांत फ्रिजमधलं तेल, सहांत बाटलीतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोजलं. फ्रिजचं नऊ, नऊ, दहा, नऊ, नऊ, दहा. बाटलीचं एकवीस, बावीस, एकवीस, वीस, एकवीस, एकवीस.

हाताला यश वगैरे काही नव्हतं. जंतूंना मारत होतं ते शिळं तेल, आणि तेच ताईंची बोटं सोलत होतं.

आधी त्यांना लाज वाटली, मग राग आला. मग लक्षात आलं की सरांच्या लेखात तेलात काय काय आहे त्याचा तक्ता फ्रिजमधल्या तेलाचा आहे आणि ते काय करतं त्याचा तक्ता या बाटलीतल्या तेलाचा. नवरा एकीचा, लेकरू दुसरीचं, आणि लग्नाची पत्रिका छापून मोकळे! आणि सगळ्यात शेवटी त्यांना त्या चाळीस परिचारिका आठवल्या. दिवसातून तीस-चाळीस वेळा हात धुणाऱ्या. इस्पितळासाठी लागणारं तेलही ताईच काढून असंच उबेशेजारी ठेवणार होत्या. सर गेल्याच आठवड्यात म्हणाले होते, तुमची पद्धत आहे तशीच ठेवा.

त्यांनी हे पहिल्यांदा पीएचडीवालीला सांगितलं. ती भांडी धुण्याच्या खोलीत पिपेट वाळत घालत होती. ताईंनी दार लोटून घेतलं आणि बशा तिच्यासमोर मांडल्या.

तिनं बशा बघितल्या. ती हुशार होती, समजावून सांगावं लागलं नाही. तिचा चेहरा उतरत गेला.

“ताई, तीन आठवड्यांनी माझा प्रबंध जमा व्हायचाय.”

“माहीत आहे गं.”

“मग तीन आठवडे थांबा ना. तुम्हाला काय फरक पडतो? चार वर्षं नाही कळलं, अजून तीन आठवडे नाही कळलं.”

“इस्पितळात पुढच्या सोमवारी सुरू होतंय.”

“दोन-चार जणींना खाज सुटेल फार तर!”

ताईंनी एक मोजा काढला, मग आतला दुसरा. उजवा हात तिच्यापुढे धरला. अंगठ्याच्या मुळाशी कातडी उघडी पडली होती आणि आतलं लाल मांस ओलसर चमकत होतं.

ती एकदम रडायला लागली. ताईंसाठी की स्वतःसाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. “सहा वर्षं हो, ताई,” एवढंच ती म्हणत राहिली. “घरचे म्हणतात, सोडून दे. मी कुठल्या तोंडानं सांगू की आता सातवं?” मग डोळे पुसून कठोर आवाजात म्हणाली, “सांगा तुम्ही. पण माझ्याशी पुन्हा बोलू नका.”

ताई दोन दिवस तशाच फिरल्या. सांगावं तर एका लेकुरवाळीची सहा वर्षं पाण्यात. शिवाय सरांनी मनात धरलं तर आपल्या खोल्या जाणार. न सांगावं तर चाळीस बायकांचे हात. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“माझ्याकडे एकदा एक घड्याळ आलं होतं,” तो म्हणाला. “मालक म्हणाला, दहा मिनिटं पुढे पळतं, पण राहू दे, त्यामुळे मी वेळेवर पोचतो.”

“मग?”

“मग काय, मी दुरुस्त केलं. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.” “खोल्यांची काळजी करू नकोस, असं मी म्हणणार नाही. मला भीती वाटते. नव्या जागेत मी पोतं होऊन बसेन. पण तू सांग.”

शुक्रवारी ताईंनी बारा बशा, दोन नळ्या आणि ती तपकिरी बाटली ट्रेमध्ये ठेवून सरांच्या टेबलावर नेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं, हे मनाशी म्हणत त्यांनी सगळं क्रमानं सांगितलं. सर ऐकताना पेन बंद-चालू, बंद-चालू करत होते. मग त्यांनी स्वतः जाऊन नळीची परीक्षा पुन्हा केली. स्वतः बशा ओतल्या. शनिवारी सुट्टी असून ते आले, व्हर्नियरची मोजपट्टी घेऊन मोजायला बसले. नऊ आणि एकवीस. पिठलं ओतणाऱ्या हातालाही एकवीस.

त्यांनी त्याच जागेवरून इस्पितळाला फोन लावला. “काम पुढे ढकलतोय. नाही, तारीख सांगता येणार नाही. चूक आमची आहे.” ताई दाराशी उभ्या होत्या. एकोणीस वर्षांत सरांच्या तोंडून हे शेवटचं वाक्य त्यांनी प्रथमच ऐकलं. त्या स्टुलावर बसल्या. सुटले, असं त्यांना वाटलं. आता हाताचं यश संपलं, आपली गरज संपली, आता चिठ्ठी खणातून बाहेर येईल.

सरांनी फोन ठेवला. काही वेळ ते बाटलीकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा काही उजेड आला की ताई सावध झाल्या.

“ताई,” ते म्हणाले, “हे तर पहिल्यापेक्षा मोठं निघालं! तेल हवेत जुनं होतं तसं त्याचं बळ वाढतं. किती दिवसांत? किती उबेत? कुठल्या टप्प्याला कातडीला त्रास सुरू होतो? महिन्या-महिन्याच्या बाटल्या लावायला हव्यात. निदान तीन वर्षांचं काम आहे. आणि हे तेल तुमच्याइतकं ओळखतो कोण?”

“सर, माझे हात—”

“जाड मोजे मागवू. बाहेरून मागवू, पाहिजे तर.”

ताई उठल्या. एरवी त्या सरांपुढे आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही. “सर, मी आता बाटलीला हात लावणार नाही. मोजे कितीही जाड असोत. मला काढून टाका, खोल्या घ्या. पण लावणार नाही.”

सर गोंधळले. नकार ऐकायची त्यांना सवय नव्हती, आणि ताईंना द्यायची. शेवटी जे ठरलं ते असं: ताई प्रयोगशाळेतच राहतील, सहायक म्हणूनच, म्हणजे खोल्यांना धक्का नाही. पण त्या काचेपलीकडच्या यंत्राच्या खोलीत बसतील. तेल दुसऱ्यांनी सुईनं यंत्रात टोचायचं, यंत्रानं कागदावर काढलेले सुळके ताईंनी वाचायचे. बदलीचा विषय तीन वर्षांनी.

पीएचडीवालीचा प्रबंध एक वर्ष लांबला. चार महिने ती ताईंशी बोलली नाही. बशा आता तिलाच ओताव्या लागत. एक दिवस यंत्राच्या कागदावर तिला एका सुळक्याचा अर्थ लागेना, तेव्हा तिनं काचेवर टकटक केलं आणि कागद धरला. ताईंनी आतून बोटानं हवेत लिहून दाखवलं: कार्व्होन, म्हणजे शिळ्या तेलातला तो पुदिन्यासारखा वास. तिनं मान डोलावली. दोन दिवसांनी ती आत आली आणि म्हणाली, “धाकटा विचारतोय, नापास झालीस का?” ताई म्हणाल्या, “सांग त्याला, पेपर तपासणाराच चुकला होता.” त्यावर ती हसली, पूर्ण नाही, पण हसली.

पुढच्या वर्षी सरांनी पहिल्या लेखाची दुरुस्ती छापली. तीत तिसऱ्या क्रमांकावर ताईंचं नाव होतं. घड्याळजीनं तो कागद तीनदा वाचून घेतला आणि चौथ्यांदा नुसता हातात धरून बसला.

ताईंचे हात भरून आले, पण पुरते नाहीत. शेजारच्या खोलीत कुणी जुन्या बाटलीचं बूच काढलं की आता त्यांच्या पापण्या सुजतात. मग त्या काचेची खिडकी लावून घेतात आणि बंद खोलीत यंत्राच्या घरघरीत बसून राहतात. निवृत्तीला पाच वर्षं आहेत. घरात साबण एकच, बिनवासाचा. तो कुठल्या दुकानात मिळतो ते त्यांना पाठ आहे.

“मग, सुटलीस का?” नवऱ्यानं एकदा ओट्याशी चहा गाळता गाळता विचारलं.

“नाही हो. खुर्ची बदलली.”

“बसायला बरी आहे का?”

“पाठ दुखते,” ताई म्हणाल्या आणि त्याच्या हातून कप घेतला.